तारापूरचं वापरलेलं इंधन: जागा वाढवा, पण लोकांना सांगून वाढवा

अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनाची साठवण वाढवायची म्हटलं की लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो अणुकचरा नकोच, दुसरा म्हणतो तुम्हाला विकासच नको. मला दोन्ही पटत नाही. उद्या भट्टी बंद केली तरी आजवर निघालेलं इंधन कुठं जाणारे? ते ठेवायला धड जागा लागणारच.

आमच्या पालघर जिल्ह्यातलं तारापूर बघा. पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, इंधन अमेरिकेचं, १९६३ च्या करारानुसार. त्यावर पुनर्प्रक्रिया करायची, म्हणजे त्यातलं कामाचं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायचं, तर अमेरिकेची सहमती पाहिजे. १९७४ ला पोखरणची अणुचाचणी झाली, संबंध बिघडले, सहमतीचं घोडं अडलं ते अडलंच आणि पुनर्प्रक्रियेचा कारखाना तारापुरातच असून हे इंधन पाण्यात पडून राहिलं. मग ते ठेवायला भट्टीपासून वेगळा पाण्याचा हौद, म्हणजे ‘पूल’, बांधावा लागला.

माझी काळजी पूलचीच आहे. पाणी सतत फिरवून थंड ठेवावं लागतं, म्हणजे पंप आले, वीज आली. २०११ ला जपानच्या फुकुशिमात त्सुनामीत वीज गेली, तेव्हा चार नंबरची भट्टी बंद होती तरी तिच्या पूलमध्ये १५३५ इंधन जुडगे होते आणि सगळं जग त्या पाण्याकडे डोळे लावून बसलं होतं. त्याच आवारात काही जुनं इंधन जाड पोलादी कोरड्या पिंपांत होतं, त्या इमारतीत त्सुनामीचं पाणी शिरलं तरी पिंपांना काही झालं नाही, कारण त्यांना पंपच लागत नाही, हवेनंच थंड राहतात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या, म्हणजे भट्टीतच पाण्याची वाफ करणाऱ्या, जातीतल्या आहेत, आणि नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरायला लागली तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपत होते हे विसरू नका.

म्हणून म्हणतो, पूलमध्येच दाटीवाटी करू नका, काही वर्षं पाण्यात निवलेलं इंधन कोरड्या पिंपांत हलवा, त्याला पैसे लागले तर लागू देत. आणि लोकांना सांगा. तमिळनाडूतल्या कुडनकुलमला वापरलेल्या इंधनाच्या अशाच वेगळ्या साठवणीसाठी सुप्रीम कोर्टानं मुदत घातल्यावर २०१९ ला जनसुनावणी जाहीर झाली, विरोध झाला आणि ती पुढे ढकलली. असं का होतं? आधी विश्वासात घेतलेलंच नसतं ना!

अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांनी तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी गावं सोडली, निदान त्यांना तरी किती इंधन, कुठं, कधीपर्यंत ठेवणार हे कळायला नको? जैतापूरला तर १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या ठरल्यात, ९९०० मेगावॅटचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, तशीच वापरलेल्या इंधनाची जागा दाखवणारा नकाशा तिथल्या प्रकल्पाच्या गावात, माडबनच्या ग्रामपंचायतीत लावा, मराठीतून, काम सुरू व्हायच्या आधी.