चाक मॅनेज केलेलं नाही, ताई (मालकाकडून उत्तर)

नमस्कार ताई. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्हाला मनस्ताप झाला, माफ करा. आमचं भाड्याचं रूलेटचं टेबल (फिरत्या चाकात बॉल सोडून आकड्यावर पैज लावायचा खेळ) पाऊण तास उशिरा लागलं हे खरंय. हॉलची लिफ्ट बंद होती, चाक तीन जिने हातावर न्यावं लागलं. असो.

रिव्ह्यूत एक स्टार दिलात, चालेल. पण 'चाक मॅनेज केलेलं, काकांना फसवलं' हे वाचून झोप उडाली. काकांनी १७ वर चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) ठेवल्या आणि १७ आलाही, हे खरं. कधी ठेवल्या, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. बॉलचा वेग उतरायला लागला की टेबल चालवणारा आमचा माणूस आडवा हात फिरवून 'नो मोअर बेट्स', म्हणजे आता चिप्स लावू नका, म्हणतो. त्या वेळी तर दोनदा म्हणाला. काकांचा हात पुढे आला तेव्हा बॉल कडेवरून खाली येऊन २५ च्या खणात टपटपत होता, आणि चाकावर २५ च्या शेजारचंच घर १७ चं. तेवढं बघून मीसुद्धा १७ लावला असता! म्हणून त्याने चिप्स परत सरकवल्या. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गेलात तरी हेच करतील. वेळेत लावलेल्या एका आकड्याला एकास पस्तीस मिळतात. तुमच्या आत्यांना ८ वर दिलेच की.

'आकडे ओळीने नाहीत' म्हणता, तर ओळीने ते टेबलावरच्या कापडावर असतात, जिथे चिप्स लावतात. चाकावर विस्कटलेलेच असतात, कुठेही बघा. शून्य आलं की लाल-काळं, सम-विषम यांवर लावलेलं सगळंच जातं. ३७ घरांत ते एकच हिरवं, खऱ्या कॅसिनोचं पोट त्याच्यावर भरतं. आमच्याकडे पैसे लावतच नाहीत. हरलेल्या चिप्स माझ्या खिशात नाही, डब्यात जातात. मग फसवून मला मिळणार काय? भाडं ठरलेलं, त्यातूनही दीड हजार तुम्ही कमी करून घेतलेत.

टेबलावरचा 'पोरगा उद्धट' म्हणालात तो माझा भाचा. काकांनी त्याच्या हातावर फटका मारला, हे त्याने घरी आल्यावर सांगितलं. तिथे काही बोलला नाही.

यापुढे सुरुवातीलाच नियम मराठीत सांगू, नियमांच्या पाटीचंही बघतो. लग्नसराई तोंडावर आहे आणि तुमचा रिव्ह्यू वाचून बुकिंगवाल्या दोघांचे फोन आले. जमलं तर ते 'मॅनेज'चं वाक्य तेवढं काढा. स्टार राहू द्या.