महाराज व्हायचंय? बसा, सांगतो

नोकरी गेली? शेअरबाजारात आपटलात? महाराज व्हा. भांडवल म्हणाल तर एक पांढरा झब्बा, एक आसन आणि मंद हसण्याची सवय. ज्ञान नसलं तरी चालतं, असलं तर मध्ये येतं.

सुरुवातीला काहीही मागू नका. हे पथ्य कडक पाळा. "एकदा येऊन तर बघा, पटलं तर या," एवढंच. जिचा मुलगा बंगळुरूहून रविवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करतो, तिला दारातच "या माऊली, तुमचीच वाट बघत होतो" म्हणायला दोन माणसं उभी करा. जेवलात का, गुडघा कसा आहे, विचारा. (हे घरच्यांनी विचारायचं असतं, पण ते असो.) मग हळूच चपला लावायची सेवा. मग झाडू. मग दर गुरुवार. मग पाकीट. पायरी इतकी बुटकी ठेवा की चढणारीला आपण चढतोय हे कळता कामा नये.

फुकट राबण्याला 'सेवा' म्हणा, पैशालाही 'सेवा'च म्हणा.

शंकेला 'अहंकार' म्हणा. एका शब्दात काम होतं.

आता मुख्य कलम. बरं झालं तर महाराजांची कृपा, वाईट झालं तर भक्ताची श्रद्धा कमी. या वहीत तुमच्या नावावर उधारी कधी निघतच नाही. आमच्या आत्याचंच घ्या. 31 वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेली बाई, मधुमेह जुना. एका सेवेकऱ्याने सांगितलं, गोळ्या घेणं म्हणजे महाराजांवर अविश्वास; चाळीस दिवस पाण्यातून अंगारा घ्या. सव्विसाव्या दिवशी ओट्याला धरून खाली बसली. साखर 486. पाच दिवस दवाखाना, सलाइन, इन्सुलिन, बिल 64,300, माझ्या कार्डावर. मी केंद्रात फोन केला तर पलीकडून अगदी शांत आवाजात, "दादा, घरात कोणी नास्तिक आहे का? त्याची स्पंदनं बाधतात." स्पंदनं! तीन रात्री लोखंडी स्टुलावर बसून माझी पाठ धरली होती, स्पंदनं कुठली काढू? आणि घरी आल्यावर दुसऱ्याच गुरुवारी आत्या हातात माइक घेऊन 'अनुभव' सांगतेय, "डॉक्टरांनी हात टेकले होते, महाराजांनी मला परत आणलं." कधी टेकले हात? तो पोरगेला डॉक्टर रोज सकाळी बोटाला टोचून "आजी, आज कालच्यापेक्षा छान" म्हणत होता! मी मागच्या रांगेत, बिलाची फाइल मांडीवर. टाळ्यांचा कडकडाट. शेजारच्या काकूंनी मला कोपराने ढोसलं, "वाजवा की."

आत्या खोटं बोलत नव्हती हो. दिवाळीपासून दर गुरुवारी पन्नास जणांचे अनुभव ऐकले, की आपलं दुखणंही त्याच चालीत गायला लागतं. म्हणून म्हणतो, चमत्काराच्या भानगडीत पडूच नका. तो भक्तच करून देतात.

कायद्याला भिऊ नका. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे सरकारला जादूटोण्याविरुद्ध अध्यादेश सुचला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणं त्या कायद्यात गुन्हा आहे. तेवढे तीन प्राणी टाळा. साखरवाले, रक्तदाबवाले भरपूर आहेत. आणि आपल्या तोंडाने काही सांगू नका, सेवेकऱ्याला सांगू द्या. जुलै 2024 मध्ये हाथरसच्या सत्संगात 121 माणसं चेंगरून मेली. एफआयआरमध्ये सेवादारांचं नाव आलं, बाबाचं नाही.

तुरुंगात गेलात तरी दुकान चालू राहतं. राम रहीम 2017 साली बलात्कारात दोषी ठरला, तेव्हा भक्तांनी पंचकुल्यात गाड्या जाळल्या, तीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर स्वारी पॅरोल-फर्लोवर कितीदा बाहेर येऊन गेली, याचा हिशेब ठेवणं मी सोडून दिलं.

हसताय काय? आईला गुरुवारी गाडीतून केंद्रावर सोडणारे तुम्हीच ना? "तेवढाच तिचा वेळ जातो," हे वाक्य कुणाचं? माझं. दिवाळीत, चकली खाता खाता. आमचा चुलतभाऊ एमडी आहे, तो "श्रद्धेचा विषय आहे, आपण कशाला बोला" म्हणून गप्प. नगरसेवक शाल-नारळ घ्यायला व्यासपीठावर हजर. लाजा कशा वाटत नाहीत आपल्याला? म्हाताऱ्या बाईला "जेवलीस का" एवढं विचारायला जमेना, ते काम एका भामट्याला देऊन टाकलं, आणि आता त्याने त्याची किंमत वसूल केली की आपण लेख लिहितो!

हल्ली रोज रात्री नऊला फोन करतो. काल विचारलं, गोळी घेतलीस का? म्हणाली, "घेतली रे. अंगारा लावून घेतली."

घे बाई.