वाकला जी, वाकला!

काल एका दवाखान्यात सत्तरीच्या म्हाताऱ्यानं मला कागद धरण्यात हरवलं आणि हे पाहायला खोलीत सात माणसं होती. झोप झाली तरी राग गेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

झालं असं की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट चार महिन्यांपासून सुन्न आहे. अर्धं म्हणजे अर्धंच, करंगळीकडची बाजू मुकी आणि दुसरी बाजू शाबूत. हे कोणाला पटतच नाही. बायको म्हणते, "बोट का अर्धं झोपते का?" गावातल्या डॉक्टरनं आधी मानेचा मणका म्हटलं, मग बी-ट्वेल्व्हची पाच इंजेक्शनं टोचली. माझं कृषी केंद्र आहे, त्यामुळे हा प्रकार ओळखीचा. पऱ्हाटी म्हणजे कपाशी लाल पडली की पान उलटून पाहायच्या आधी लोक युरिया मागतात, आणि मी पण देतो, खोटं कशाला बोलू.

तर काल दोन एसट्या बदलून मोठ्या गावच्या हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. तिथली पद्धत अशी की एक पेशंट खुर्चीवर, पुढचे तीन त्यांच्या नातेवाईकांसकट बेंचवर, सगळे एकाच खोलीत आणि दार उघडं. माझ्या मागं धोतर-टोपीवाले एक आजोबा बसलेले, म्हातारीचा गुडघा दाखवायला आणलेला. म्हातारी डोळे मिटून होती. आजोबांचे डोळे मात्र माझ्यावर.

डॉक्टरनं कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागं बोटानं टकटक केलं. करंगळीपर्यंत अशी वीज गेली की मी "आई गं" म्हणून ओरडलो. मागून आवाज, "लागलं वाट्टे!" मग डॉक्टरनं माझीच फीची पावती उचलली, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायला लावली आणि म्हणाले, मी ओढतो, तुम्ही सोडू नका, फक्त अंगठा वाकवायचा नाही. मी जीव लावून धरली. अंगठा माझं ऐकेना, शेंड्याच्या पेरातून आपोआप वाकला.

"वाकला जी, वाकला!" आजोबा कबड्डीच्या पंचासारखे उठून उभे.

डॉक्टर हसले. म्हणाले, ही तपासणी फ्रोमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९१५ साली सांगितली, अंगठा आत दाबणारा स्नायू करंगळीकडे जाणाऱ्या याच कोपरामागच्या नसेवर चालतो, ती दबली की माणूस दुसरा स्नायू वापरून अंगठा वाकवून धरतो. मी हे समजून घेतोय तोवर आजोबा खुर्चीपाशी येऊन पोचले होते. "माह्याजवळ द्या बरं." आणि डॉक्टरनं दिली ना! माझी पावती! आजोबांचा अंगठा खुंटीसारखा सरळ. डॉक्टरनं ओढलं, नाही सुटली. जोरानं ओढलं, पावती फाटली, अर्धी आजोबांच्या हातात राहिली. "पन्नास वर्सं कापूस वेचला जी," म्हणे, "हे काय कागद." मग माझ्याकडे वळून, एकदम प्रेमानं, "काहून भाऊ, घरी जेवाले देत नाही का?"

बेंच हसला. म्हातारीनं पण एक डोळा उघडला.

हसू लगेच थांबलं म्हणा. कारण डॉक्टर कोपरामागची नस चाचपत त्याच आवाजात म्हणाले, अंगावर कुठं सुन्न चट्टा आहे का, कुष्ठरोगात हीच नस जाड होते, पाहावं लागतं. चट्टा नव्हता, नस जाड नव्हती, पण मी वळून पाहिलं तर बेंचवरची माणसं वीतभर सरकलेली. ज्या मुलखात कुष्ठरोग्यांसाठी उभं राहिलेलं दत्तपूर आहे, आनंदवन आहे, तिथं ही गत. विचारलं ते बरोबरच होतं, पण दार लावून विचारता येत नाही का? दाराला कडी होती, मी पाहिली. आजोबा तेवढे जागेवर उभे होते. "माह्या चुलत्याले होता," म्हणाले, "गोया खाल्ल्या, बरा झाला. सरकता कायले बे?"

मग शेजारच्या खोलीत नसेची मशीन. मनगटाला झटका, कोपराच्या वर झटका, म्हशीनं माशी हाकलावी तशी करंगळी उडते, आणि नसेतून निरोप किती वेगानं धावतो त्याचा आकडा बाहेर पडतो. कोपराच्या खाली सेकंदाला छप्पन मीटर, कोपर ओलांडताना अडतीस. मी हिशोबी माणूस, तिथंच गुणाकार केला. माझी बिघडलेली नस तासाला एकशे सदतीस किलोमीटरनं धावतेय, आणि आमच्या रोडवरची लालपरी चाळीसच्या वर जात नाही. तरी आजारी मीच.

कारण निघालं काउंटर. बारा वर्षं काचेच्या काउंटरच्या अॅल्युमिनियम पट्टीवर उजवा कोपर टेकवून लोकांच्या अळ्यांच्या कहाण्या ऐकल्या, वरून हात दुमडून कानाला फोन. नस कोपरामागच्या चिंचोळ्या जागेतून जाते, हात दुमडला की ताणते, टेकवला की चेंगरते. आणि इलाज काय, तर रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून हात सरळ ठेवून झोपा, टेकू नका. तीन महिन्यांत फरक नाही पडला तर ऑपरेशन करून नस मोकळी करू. एवढे पैसे, अख्खा दिवस आणि टॉवेल! तो पण घरचा. इंजेक्शनांच्या आधी हे कोणी सांगितलं असतं तर?

आणि गंमत म्हणजे आजोबा आमच्या बाजूच्याच गावचे निघाले. आज सकाळी दुकान उघडलं तर त्यांचा नातू हजर, तोंड दाबून हसत. खिशातून पाचशेची नोट काढली, माझ्यापुढं धरली, "काका, पकडा बरं."

त्याच्याकडे तणनाशकाचे साडेचारशे बाकी होते दिवाळीपासून. मी डाव्या हातानं पकडली.