एका पगारात दोन माणसं? ग्रॅहॅम टर्नरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लिश फुटबॉलमधला खेळाडू-मॅनेजर, म्हणजे स्वतः खेळत खेळत संघही चालवणारा, ग्रॅहॅम टर्नर याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया पाठवलीत, तिला हे उत्तर. आधी चूक कबूल करतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा. ‘१९७८-७९ च्या हंगामात टर्नरने श्रूजबरी टाउनला तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून दिलं’ असं मी लेखात लिहिलं होतं (तेव्हा इंग्लिश लीगच्या चार डिव्हिजन होत्या, पहिली सगळ्यात वरची). हंगाम सुरू झाला तेव्हा मॅनेजर रिची बार्कर होता, हे तुम्ही बरोबर पकडलंत. वुल्व्ज या क्लबचा मॅनेजर जॉन बार्नवेलने बार्करला सहायक म्हणून तिकडे नेलं आणि १९७८ सरता सरता रिकामी खुर्ची संघाच्या स्टॉपरकडे, म्हणजे बचावफळीच्या मध्ये खेळणाऱ्या टर्नरकडे आली. तेव्हा टर्नर ३१ वर्षांचा होता. संघ त्याने बांधलेला नव्हता, चालू गाडीत तो चढला. लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण बाकीच्या तीन मुद्द्यांवर असं सहज सोडणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या डिव्हिजनमध्ये एकही सामना न खेळलेल्या बॅकवर एवढा मजकूर खर्च करण्यासारखं काही नाही. खेळाडू-मॅनेजर हे पद म्हणजे एका पगारात दोन माणसं राबवून घेण्याची क्लबची कंजूषी, आणि मी तिला उगाच हार घातले. शिवाय ॲस्टन व्हिला क्लबच्या मॅनेजरपदाची त्याची दोन वर्षं मी एका ओळीत गुंडाळली. वर तुम्ही हेही लिहिलंत की कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातला सीनियर खेळाडूच टीम लावतो, त्यात इंग्रजांचं काय मोठंसं.

पेठेपासूनच सुरू करू. शाहू स्टेडियमवर कुठल्या पोराला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवणारा मोठा भाऊ मीही पाहिला आहे, आणि त्याच्या डोक्याला कमी ताप असतो असं मी म्हणणार नाही. पण तो कुणाच्या भाकरीवर सही करत नाही. इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये दरवर्षी हंगाम संपला की क्लब यादी काढतो: याचा करार वाढवला, याला मोकळा केला. मोकळा केलेल्या माणसाच्या डोक्यावर घराचं कर्ज असतं, पोरं शाळेत असतात आणि गुडघा अर्धा गेलेला असतो. ती यादी करणारा माणूस आठवड्यापूर्वी त्याच्याच शेजारी बुटाच्या लेस बांधत होता, अशी कल्पना करा. टर्नरने हे साडेपाच वर्षं केलं.

दुसरं म्हणजे स्वतःला बाहेर बसवणं. तेव्हा इंग्लिश लीगमध्ये एका सामन्यात एकच बदली खेळाडू मिळायचा. मॅनेजरने स्वतःचं नाव त्या जागी लिहिलं तर फॉरवर्ड दमल्यावर आत पाठवायला कुणी उरत नाही. त्यामुळे आज मी अकरात आहे की नाही, याचा सोक्षमोक्ष त्याला शनिवारी दुपारी तीनच्या आत लावावा लागायचा. तिशी उलटलेल्या स्टॉपरला स्वतःच्या पायांबद्दल खरं बोलायला लावणारी याहून कठोर सोय माझ्या पाहण्यात नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या पथ्यावर पडली असणार, ती म्हणजे त्याची जागा. विंगर-मॅनेजरच्या पाठीमागे काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. स्टॉपरच्या समोर सगळा संघ पाठमोरा उभा असतो, आणि शेजारी कॉलिन ग्रिफिनसारखा बॅक असेल तर श्वास घ्यायला आणि ओरडायला थोडी उसंतही मिळते. हा माझा अंदाज आहे, टर्नरच्या तोंडचं वाक्य नव्हे.

आता पगार. इथे मी तुमच्या बाजूने आहे, आणि लेखात हे स्वच्छ लिहायला हवं होतं. छोट्या क्लबना एका पाकिटात दोन माणसं हवी होती यात शंका नाही. श्रूजबरीत तर ती जुनी वहिवाट होती. बार्करच्या आधी डर्बीचा जुना मिडफिल्डर ॲलन डर्बन याच खुर्चीत बसून खेळत होता आणि त्यानेच १९७५ मध्ये संघाला चौथ्या डिव्हिजनमधून वर काढलं. पण क्लबची कंजूषी आणि मॅनेजरची काटकसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबने पैसे दिले नाहीत, हे झालं क्लबचं. त्या नसलेल्या पैशांत माणसं कुठून आणायची याची टर्नरला नजर होती, आणि माझा सगळा लेख त्या नजरेवर होता. तो तसा वाचला गेला नसेल तर दोष माझ्या लिहिण्याचा.

१९७९ ची तिसऱ्या डिव्हिजनची गुणपत्रिका बघा. श्रूजबरी ६१, वॉटफर्ड ६०, स्वॉन्सी ६० (विजयाला दोनच गुण मिळायचे तो काळ). स्वॉन्सीचा जॉन टोशॅकही खेळाडू-मॅनेजरच होता, म्हणजे वर गेलेल्या तीन संघांपैकी दोन अशा माणसांच्या हातात होते. पण टोशॅक लिव्हरपूल गाजवून आलेला नावाजलेला फॉरवर्ड. टर्नरची आधीची शिदोरी रेक्सम आणि चेस्टरची. शेवटच्या सामन्यात एक्सेटरला ४-१ हरवून श्रूजबरी इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेली. त्याच जानेवारीत एफए कपमध्ये (सगळ्या डिव्हिजनच्या संघांची बाद स्पर्धा) गोठलेल्या गे मेडोवर, म्हणजे श्रूजबरीच्या मैदानावर, मँचेस्टर सिटीला २-० ने घरी पाठवलं होतं.

तुम्ही म्हणाल, आला तेव्हा संघ तयार होता. मग पुढची पाच वर्षं बघा. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १३ वा, १४ वा, १८ वा, ९ वा, ८ वा. १८ वा नंबर आला त्याच हंगामात, म्हणजे १९८२ मध्ये, कपात बॉबी रॉबसनच्या इप्सविचला २-१ ने हरवलं. हा इप्सविच आदल्या वर्षीचा यूएफा कप विजेता होता आणि त्या वर्षी लीगमध्ये दुसरा आला. पुढच्या फेरीत लेस्टरकडे श्रूजबरी २-५ अशी आपटली. तो सामना आठवला की मला आजही हसू येतं. लेस्टरचा गोलकीपर मार्क वॉलिंग्टन जखमी झाला, मग फॉरवर्ड ॲलन यंग गोलमध्ये उभा राहिला, काही वेळ विंगर स्टीव्ह लायनेक्सही. समोरच्या गोलमध्ये एका सामन्यात तीन माणसं बदलली आणि श्रूजबरीने पाच गोल खाल्ले. हार घालण्याचा आरोप करता ना, मग हेही घ्या.

गोलकीपरवरून आठवलं. लिव्हरपूलच्या बाकावर कुजत असलेला स्टीव्ह ओग्रिझोविच १९८२ मध्ये गोलकीपरच्या अदलाबदलीत श्रूजबरीला आला, १९८४ ला कोव्हेंट्रीला गेला आणि १९८७ ला एफए कप घेऊन बसला. मी नजर म्हणतो ती ही.

व्हिला. मान्य, एक ओळ कमी होती. १९८४ च्या उन्हाळ्यात दोनच वर्षांपूर्वीच्या युरोपियन विजेत्याने दुसऱ्या डिव्हिजनमधला मॅनेजर उचलला. पहिल्या वर्षी दहावा नंबर, दुसऱ्या वर्षी सोळावा, आणि सप्टेंबर १९८६ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-५ किंवा १-५ नव्हे, सरळ ०-६ हार खाल्ल्यावर हकालपट्टी. त्या हंगामाअखेर व्हिला खाली उतरली. टर्नर तिथे नापास झाला, यावर मी कसलंही पांघरूण घालत नाही. माझं मत एवढंच की त्याचा हात टाकून दिलेल्या, कुणाला नको असलेल्या पोरांवर बसलेला होता. ज्यांनी सगळं मिळवून झालं आहे अशांच्या खोलीत शिरताना तो खेळाडू उरला नव्हता आणि त्या खोलीचा मॅनेजर अजून झालेला नव्हता.

पण तिथून महिनाभरात तो वुल्व्जला गेला, तेही तुम्ही सोडून दिलंत. तीन वर्षांत तीनदा घसरून चौथ्या डिव्हिजनमध्ये पोचलेला हा क्लब. गेल्या गेल्या एफए कपात चॉर्ली नावाच्या लीगबाहेरच्या संघाने दोन बरोबरींनंतर ३-० असा धुतला. त्याच नोव्हेंबरात टर्नरने शेजारच्या वेस्ट ब्रॉमला नको असलेला स्टीव्ह बुल ६५ हजार पौंडांच्या आसपास घेतला. बुलने वुल्व्जसाठी ३०६ गोल केले आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असतानाच इंग्लंडकडून खेळला. वुल्व्ज १९८८ ला चौथी आणि १९८९ ला तिसरी डिव्हिजन जिंकून वर आले. काटकसर, साहेब.

पुढे तो मॅनेजर होता त्या हेरफर्डबद्दल तुम्ही ‘त्याने क्लब लीगबाहेर घालवला’ असं एका वाक्यात उडवलंत. ३ मे १९९७ चा तो सामना नीट सांगतो. शेवटचा दिवस, घरच्या मैदानावर ब्राइटन, हेरफर्डला जिंकणं भाग. सामना १-१ सुटला. दोघांचे गुण ४७. गोलफरकात हेरफर्ड पुढे होते, उणे १५ विरुद्ध उणे १७. पण त्या वेळी फुटबॉल लीग फरक नव्हे, केलेले गोल मोजायची. ब्राइटन ५३, हेरफर्ड ५०. आणि प्रेक्षक मैदानात घुसल्याबद्दल ब्राइटनचे दोन गुण कापले होते, तरी ते वाचले. जबाबदारी टर्नरचीच, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर तो गेला नाही. क्लब कर्जात असताना बहुसंख्य शेअर स्वतः घेऊन अध्यक्ष झाला, म्हणजे आता एका माणसात मॅनेजर, मालक आणि अध्यक्ष असे तिघं. २००४ ला लीगच्या खालच्या स्पर्धेत ९१ गुण मिळवूनही एका गुणाने दुसरा, २००५ ला पुन्हा दुसरा, दोन्ही वेळा प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वर जाण्यासाठीच्या बाद सामन्यांत, घात. २००६ ला पुन्हा दुसरा, आणि या खेपेला अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सला जादा वेळेत ३-२ हरवून लीगमध्ये परत. २००८ ला आणखी एक पायरी वर, २००९ ला लगेच खाली. २०१० मध्ये त्याने शेअर विकले. डिसेंबर २०१४ मध्ये कोर्टाने तो क्लब गुंडाळला.

शेवटी तुम्ही चिमटा काढलात की लेखात टर्नरपेक्षा नदीच जास्त वाहते. असेल. गे मेडो सेव्हर्नच्या काठाला चिकटून होतं, चेंडू भिंतीवरून उडाला की पाण्यात, आणि फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस कोरॅकलमधून, म्हणजे हंपीला तुंगभद्रेत असते तशा गोल टोपलीच्या होडीतून, तो काढून आणायचा. जिथे चेंडूसुद्धा वाहून जाऊ द्यायचा नाही अशा क्लबचं वर्णन मी या माणसाशिवाय कसं करणार? टर्नर २०१० मध्ये श्रूजबरीला परतला तोवर संघ नव्या मैदानात गेला होता, नदी मागेच राहिली होती. २०१२ मध्ये त्याने त्यांना पुन्हा एकदा वर नेलं आणि जानेवारी २०१४ मध्ये, ६६ व्या वर्षी, पायउतार झाला. नदीचे दोन परिच्छेद कापून एक केला आहे, बघा आता जमतंय का.