बीजिंग ते शांघाय सव्वा तासात? भागाकार बरोबर, हिशोब चूक

'बीजिंग-शांघाय अंतर १०७० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८५०, म्हणजे सव्वा तासात शांघाय! ट्रेनला साडेचार तास, तो नाद सोडा. पार पश्चिमेकडच्या उरुमची शहराला जाणार असाल तर उतरल्यावर घड्याळ दोन तास मागे घ्या.' चीनला निघालेल्या प्रत्येकाला हा मेसेज कुणीतरी पाठवतंच. मलाही तिघांनी पाठवला.

आधी अंतर. १०७० खरं आहे, पण ते नकाशावर दोरी ताणून मोजलेलं. रेल्वेमार्ग १३१८ किलोमीटरचा आहे. विमानही दोरी धरून उडत नाही. चीनच्या आकाशाचा मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे प्रवासी विमानांना आखून दिलेल्या वाटांनीच जावं लागतं.

आता सव्वा तास. ताशी ८५० हा वेग वर पोचल्यानंतरचा. तीन किलोमीटर उंचीच्या खाली विमान साधारण ताशी ४६० च्या आतच असतं, आणि त्याआधी धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं आलंच. वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर लागेपर्यंतची असते, म्हणून तिथे सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो. मुंबई-दिल्लीही जवळपास एवढंच अंतर. सव्वा तासात दिल्लीला उतरलेला माणूस मला अजून भेटायचाय.

'ट्रेनचा नाद सोडा' हे मात्र सगळ्यात चुकीचं. २०११ साली सुरू झालेल्या या मार्गावर ताशी ३५० ने धावणाऱ्या सर्वांत वेगवान गाड्या ४ तास १८ मिनिटांत पोचवतात. बीजिंग दक्षिण स्टेशन शहरातच आहे. बीजिंगचा दाशिंग विमानतळ मध्यवस्तीपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. तिथे जायला तास, चेक-इन पाऊण तास आधी बंद म्हणून त्याच्याही आधी हजर, आणि पुढे सुरक्षा तपासणी. तिथे पॉवर बँक हातात घेऊन त्यावरचा '३सी' शिक्का, म्हणजे चीनच्या सक्तीच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण, शोधतात. जून २०२५ पासून हा शिक्का नसलेली पॉवर बँक देशांतर्गत विमानात चालत नाही, आणि आपल्याकडून नेलेल्या बऱ्याच पॉवर बँकांवर तो नसतोच. शिवाय उतरायचं शांघायच्या पुदोंग विमानतळावर असेल तर शहरात यायला आणखी तास. करा बेरीज, पाच तास कुठेच गेले नाहीत. ट्रेनमध्ये तेवढ्या वेळात पाय पसरून बसता येतं आणि १६४ किलोमीटर लांबीचा पूलही खालून सरकतो.

दक्षिणेतल्या ग्वांगचौला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. बीजिंगहून रेल्वेने २२९८ किलोमीटर, म्हणजे वेगवान गाडीलाही सात तासांच्या वर. तिथे विमानच घ्या.

राहिलं उरुमची. बीजिंगहून जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून जायला चार तासांच्या आसपास आणि यायला त्याहून बराच कमी वेळ लागतो. मेसेजमधल्या भागाकारात वारा नाहीच. आणि घड्याळ? १९४९ पासून अख्ख्या चीनची अधिकृत वेळ एकच. विमानं, गाड्या, तिकिटं सगळं बीजिंगच्या वेळेवर. स्थानिक लोक, विशेषतः तिथल्या उइगुर समाजातले, बोलण्यात दोन तास मागची वेळ वापरतात, कारण डिसेंबरात तिथे सूर्य बीजिंग वेळेने साडेनऊनंतर उगवतो. पण मेसेज वाचून तुम्ही घड्याळ मागे घेतलंत आणि परतीचं विमान दोनचं असलं, तर ते उडेल तेव्हा तुमच्या घड्याळात बारा वाजलेले असतील. तुमचेही.