दूध आपलं, चारा गावाचा

गाय घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. गोठा, कडबा, ढेप यांचा खर्च मात्र धरू नका. पहाटे धार काढा, दूध डेअरीला घाला आणि गाय सोडून द्या. दिवसभर ती बाजारात मेथीच्या जुड्या तपासेल, दुपारी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करेल. रात्रीचं जेवण ज्याच्या मळ्याला कुंपण नाही त्याच्याकडे.

जेवणात कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळीची बाग, सर्वोत्तम. नुकती लावलेली टिशूकल्चरची, प्रयोगशाळेत तयार केलेली रोपं, मधलं गुंडाळलेलं कोवळं पान म्हणजे पोंगा, एका घासात एक रोप. आमच्या बागेत परवा हाच बेत झाला. खुराखाली ठिबकची नळी फुटली, पाणी एकाच जागी साचलं, त्या चिखलात उरलेली रोपं तुडवली गेली. जाताना गाई शेण टाकून गेल्या, म्हणजे खताचा हिशेब चुकता.

कुणी तक्रार घेऊन आलं तर चेहरा पाडून म्हणायचं, "मुकं जनावर शे भाऊ, त्याले काय समजस!"

कुणी काठी उगारली तर लगेच धर्म काढा.

कानात 12 आकडी ओळख क्रमांकाचा पिवळा बिल्ला असला तरी गाय आपली नाहीच म्हणायचं. ट्रकनं उडवली की मात्र पाच मिनिटांत रस्त्यावर हजर व्हायचं, रडत, भरपाई मागत.

आता कोंडवाडा, म्हणजे मोकाट गुरं कोंडायची पंचायतीची जागा. मूळ कायदा 1871 चा, इंग्रजांचा. मूळ दर गाईला चार आणे, हत्तीला दोन रुपये; आपल्याकडे हत्ती सोडून सगळंच मोकाट आहे. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं धरावं आणि 24 तासांत कोंडवाड्यात पाठवावं. 7 दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, तरीही आला नाही तर लिलाव. धरलेलं जनावर कुणी दांडगाईनं सोडवून नेलं तर त्या मूळ कायद्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरलात? घाबरू नका. आमच्या कोंडवाड्याला दारच नाही. आत शाळेची मोडकी बाकं आणि बंद पडलेली घंटागाडी कोंडून ठेवली आहे. मी गाय घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "इथं चारा कोण टाकेल? पाणी कोण पाजेल? तुम्हीच बांधून ठेवा ना अण्णा, मालक येईल." म्हणजे रोपं माझी खाल्ली, आणि वर कडबाही मीच घालायचा! घातला. पाणीही पाजलं. संध्याकाळी मालक आला तो चार पोरं घेऊन, माझ्याच अंगणात उभा राहून मला विचारतो, गाय डांबून ठेवायचा अधिकार कुणी दिला? तिची कास तटतटली, एक वेळचं दूध गेलं, ते कोण भरून देणार? पोरांनी दावं सोडलं आणि गेले. पंचायतीतला एकही माणूस फिरकला नाही. मालकाच्या घरात मतं किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट गुरं हटवा म्हणून सांगितलं. आमच्या रस्त्यावरच्या गाईंनी अजून ते वाचलेलं नाही.

अरे, लाज वाटते का रे? गाईला माता म्हणता आणि प्लास्टिक खायला सोडता? दुधाचा हिशेब पै-पैचा ठेवता, मग चाऱ्याचा का नाही? तिचं कोण ऐकून घेणार म्हणून मुकी म्हणता, बोलता तर तुम्हाला येतं ना! आणि सरपंच, ग्रामसेवक, तुम्हीही ऐका. घंटागाडी बाहेर काढा, दार बसवा, पावतीपुस्तक उघडा. चारापाण्याचा खर्च मालकाकडून वसूल करायची सोय त्याच जुन्या कायद्यात आहे, तुमच्या खिशातून एक रुपया जायचा नाही. हे जमत नसेल तर खुर्ची सोडा.

आणि मालक, नांग्या भरायच्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची राहिलीत माझी. रोपं कधी आणून देतोस ते सांग.