बिनडिंकाची चिकटवही

शाळेत चिकटवही नावाचं एक प्रकरण असायचं. खरखरीत रंगीत पानं, डिंकाची बाटली आणि ‘आपले पक्षी’. मोर वाकडा चिकटला की चिकटला. पान फाटल्याशिवाय निघायचा नाही. डिजिटल स्क्रॅपबुकात, म्हणजे संगणकावरच्या चिकटवहीत, तोच मोर कंट्रोल-झेडने सुटतो, आणि दुखणं नेमकं तिथूनच सुरू होतं. डिंक वाळतच नाही, त्यामुळे पान कधी पुरं झालं हे सांगायला कोणी उरत नाही. रात्री दीड वाजता माणूस सजावटीचं एक बटण चार पिक्सेल डावीकडे सरकवत बसलेला असतो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर आठवडा घालवू नका. गिंप फुकट आहे, त्यात लेअर, म्हणजे एकावर एक रचायचे थर, आहेत, भागलं. खरी मेख पानाच्या मापात आहे. रूढ माप बारा बाय बारा इंच, इंचाला 300 पिक्सेल. म्हणजे 3600 गुणिले 3600, एकूण 1 कोटी 29 लाख 60 हजार ठिपके. हा 300 चा आकडा नवी फाइल उघडतानाच भरायचा. तिथे 72 राहिला तर पान होतं 864 पिक्सेलचं. पडद्यावर गोजिरवाणं दिसतं, पण नीट छापायला गेलं की तीन इंचांच्याही आत आटोपतं. नंतर ताणू म्हणाल तर ताणा. कणीक तेवढीच आणि पोळी परातीएवढी, अशी गत होते.

मग फोटो. ते असतात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि तिथे फोटो नेहमीच्या वाटेने गेला की पिळून निघतो. 1600 बाय 1200 चा फोटो 300 च्या हिशेबाने जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापला जातो. पानभर आजी हवी असेल तर मूळ फाइलच मागवायला हवी. त्यासाठी काकांना सांगावं लागतं, ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ काका विचारतात, ‘कसलं डॉक्युमेंट? आधार?’ आणि शेवटी पाठवतात त्या फोटोचा स्क्रीनशॉट, वर बॅटरी 14 टक्के दिसतेय असा.

जुने छापील फोटो त्या मानाने गुणी. चार बाय सहाचा फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांनी, स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल हातात येतात. काच आधी पुसायची. पातळ द्रव फडक्यावर घ्यायचा, काचेवर थेट फवारायचा नाही, कडेतून आत झिरपतो. गोंदाच्या पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल तर ओढू नका. आख्खं पान स्कॅन करा. ओढलात तर फोटोचा वरचा थर अल्बममध्येच राहतो आणि मामांचं नाक कायमचं जातं.

यानंतर येतो मोह. फुकटच्या किटांचा, म्हणजे सजावटीच्या चित्रांच्या तयार संचांचा. रिबिनी, बटणं, वाशी टेप म्हणजे नक्षीदार कागदी चिकटपट्ट्या, कागदाच्या फुलांचे गुच्छ. उतरवून घेता घेता डिस्क भरते, आणि मुंजीच्या पानावर घालायला हाताशी काय असतं? भोपळे आणि बर्फाचा माणूस. माझं मत विचाराल तर पहिल्या पानाला पार्श्वभूमीचे दोन कागद आणि चार वस्तू पुष्कळ झाल्या, आणि त्या घरातल्याच घ्या. लग्नपत्रिका स्कॅन करून लेअरचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची तऱ्हा, मल्टिप्लाय केला की पांढरा कागद दिसेनासा होतो आणि कुंकवाच्या रंगाचा गणपती तेवढा राहतो. काळ्या फरशीवरच्या रांगोळीचा फोटो स्क्रीन मोडवर टाका: फरशी गायब, रांगोळी शिल्लक. मात्र खालचा कागद गडद हवा; पांढऱ्यावर रांगोळीही फरशीच्या मागोमाग जाते. पैठणीचा पदर स्कॅनरवर झकास येतो. सुपारी नाही येत. पातळ, स्वस्त स्कॅनरना काचेच्या वर जरा उचललेलं काही स्पष्ट दिसत नाही.

वस्तूंखाली घालायची सावली हा नवशिक्याला हमखास पकडून देणारा भाग. उजेड डावीकडून वरून ठरवला की प्रत्येक सावली उजवीकडे खालीच पडली पाहिजे. फोटोला दहाएक पिक्सेल अंतर, अपारदर्शकता 40 टक्क्यांच्या आसपास. टेपला जवळजवळ शून्य, फुलाला फोटोहून जास्त. काही वस्तूंच्या सावल्या किटातूनच चिकटून आलेल्या असतात. अशी वस्तू उलटी फिरवली की सावलीही फिरते, आणि पानावर दोन सूर्य उगवतात.

मजकुराचं वेगळंच. टायपिंगवाल्याकडून आलेला जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला की चौकोन आणि कंसांची दिंडी निघते. युनिकोडमध्येच लिहायचं, ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हा फाँट घ्यायचा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला बसू लागली तर फाँटला शिव्या घालू नका. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.

जतन करताना एक फाइल लेअरसकट ठेवा, गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी, आणि छपाईसाठी जेपीईजी वेगळी काढा. लेअर एकत्र करून त्याच नावावर सेव्ह केलं आणि फाइल मिटली, की मग कंट्रोल-झेडही उपयोगाचा नाही. डिंक वाळला! आणि नाव ‘फायनल’ देऊ नका, त्याची ‘फायनल2’ आणि ‘फायनल खरंच’ अशी पिल्लं होतात. 1998-05-12-मुंज असं दिलं की फाइली आपोआप तारखेने रांगेत लागतात.

छापायला देताना कडेपासून पाव इंच, म्हणजे 75 पिक्सेल, मजकूर नको. कटर फिरताना थोडा इकडेतिकडे होतोच, आणि ‘चि. सौ. कां.’ मधली चि. कडेला जाते.

मग पान छापून येतं, टीपॉयवर ठेवलं जातं. काका चष्मा लावून बघतात, सुपारी दुसऱ्या गालात सरकवतात आणि म्हणतात, ‘वा! ग्रुपवर टाक की.’